न वाजणारा खाऊ

“तिला नको सांगायला. उगाच तिलाच अवघड होईल.”

मी स्वयंपाकघराच्या दाराशी होते, हातात धुवायचा कप. आत दोघी जणी कांदा चिरत बोलत होत्या. एक आमच्या घरातली पुण्याची मुलगी, वयानं मोठी, म्हणून तिला सगळ्या ताई म्हणायच्या. दुसरी सांगलीची. दार अर्धं लोटलेलं होतं. मी आत गेले असते तर बोलणं तिथेच थांबलं असतं. म्हणून मी गेले नाही. दाराबाहेर थांबून ऐकायची माझी सवय जुनी आहे.

“देवीचं असतं ना ते,” ताई म्हणाली. “हळदीकुंकू, फेर. तिला नाही म्हणता येणार नाही, आणि आपल्यालाही मोकळं वाटणार नाही.”

“पण ती तर सारखी इथेच असते की गं,” सांगलीची म्हणाली. “परवा माझी भाकरी तिनंच उलटली.”

“अगं, भाकरी वेगळी.”

तेवढ्यात माझ्या कपातला चमचा वाजला. दोघींनी वळून पाहिलं. ताईनं डोळे पुसले, कांद्यानं आलेलं पाणी, आणि हसून म्हणाली, “आलीस? बरं झालं. तुझ्या अकोल्याच्या मैत्रिणीचंच चाललं होतं. शनिवारचं तिला काय सांगायचं ते तूच बघ. तुमच्याकडचीच आहे ती, तुला बरोबर कळेल.”

मी म्हणाले, “हो.”

आणि कप धुतला. स्वच्छ झालेला कप मी आणखी दोनदा धुतला.

उत्तर इंग्लंडातल्या एका ओल्या शहरात शिकायला गेलेल्या आम्ही तिघी एका भाड्याच्या घरात राहत होतो. दसरा मधल्याच वारी येऊन गेला होता. त्या दिवशी प्रत्येकीला वर्ग होते. म्हणून ताईनं शनिवारी दुपारी भोंडला ठेवला होता. ओळखीच्या आठ-दहा मराठी मुली येणार होत्या. मध्ये हत्तीचं चित्र मांडायचं, त्याभोवती फेर धरून गाणी म्हणायची आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची.

ताई वाईट नव्हती, हे आधीच लिहून ठेवते. मी त्या शहरात उतरले तेव्हा बस थांब्यावर ती मला घ्यायला आली होती, आणि माझं जाकीट बघून स्वतःचा जाड कोट माझ्या अंगावर घातला होता. तो कोट मी दोन हिवाळे वापरला. कदाचित म्हणूनच ‘हो’ माझ्या तोंडून इतक्या लवकर निघालं. पण तेही पूर्ण खरं नाही. मला कुणालाही हो म्हणायला वेळ लागत नाही. वेळ लागतो तो नाही म्हणायला.

त्याच्या दोन दिवस आधी, रविवारी जेवताना, ताईनं विचारलं होतं, “तुमच्या विदर्भात असतो का गं भोंडला?”

“भुलाबाई असते.”

“म्हणजे काय करतात?”

“असंच. गाणी म्हणतात. खाऊ ओळखतात.”

“मग तुमची गाणी तू म्हणायची!”

मी मान हलवली. खरं म्हणजे मला भुलाबाईचं एकही गाणं पूर्ण येत नव्हतं.

अमरावतीत आमच्या कॉलनीत भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी मुली जमायच्या. आज या घरी, उद्या त्या घरी. टीव्हीशेजारच्या स्टुलावर भुलाबाई आणि भुलोजी, मातीची रंगवलेली जोडी. शेवटच्या दिवशी त्यांच्यावर ज्वारीच्या धांड्यांचा मांडव. आमचे धांडे वडील तिवश्याहून आणत, स्कूटीवर आडवे बांधून, आणि चौकात सगळे ऑटोवाले त्यांच्यावर ओरडत. हे सगळं मी पाहिलेलं आहे. पण गाण्यांच्या वेळेला माझा गणिताचा क्लास असे. क्लास सुटून मी घरी पोचे तेव्हा शेवटचं गाणं चाललेलं असे. मी चपला काढून भिंतीशी बसे. इंग्रजी शाळेत जाते, हिला काय येणार, असं मुलींनी धरलंच होतं. मीही धरलं होतं. शेजारच्या काकू म्हणायच्या, “आली व माय, खाऊची पाहुनी!”

खाऊ ओळखण्यात मात्र माझा हात कुणी धरू शकत नसे. ज्या घरचा खाऊ त्या घरची मुलगी बंद डबा हलवून दाखवी. सगळ्या एकदम ओरडत. चिवडा! लाडू! शंकरपाळे! मी नुसती ऐके. शेंगदाणे टकटक वाजतात, मुरमुरे सरसरतात, वड्या एकाच बाजूला धपकन जातात. सगळ्यांचं ओरडून झालं की मी हळूच सांगे, आणि बहुतेक वेळा तेच निघे. गप्प बसण्याचं मला मिळालेलं ते एकच बक्षीस.

गाणी यायची ती अकोल्याच्या मुलीला.

ती आमच्याच विद्यापीठात होती, विषय वेगळा. पहिल्या महिन्यात बस थांब्यावर ती फोनवर बोलत होती. अम्मीशी हिंदीत, आणि मध्येच फोनच्या पलीकडून कुणीतरी शेजारी आलं असावं, तर त्यांना म्हणाली, “काऊन काकू, गुडघा बरा हाय का आता?” मी अनोळखी माणसाकडे कधी वळून पाहत नाही. त्या दिवशी वळले. तिनं पाहिलं.

“काऊन व, तू बी तिकडचीच का?”

“अमरावती.”

“मंग बोल नं! तोंडात गुळणी धरली का?”

अकोल्यात मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहरात, तिच्या वडिलांचं गाद्या भरायचं दुकान आहे. कापूस पिंजून गाद्या, रजया, उशा. येताना तिनं बॅगेत चार स्वेटर कमी केले आणि दोन उशा आणल्या. त्यातली एक मला दिली. “इथल्या उशा स्पंजाच्या हायेत. मान मोडते अन् सपनं इंग्रजीत पडतात.” मला स्वप्नं तशीही इंग्रजीतच पडत असावीत, पण मी तिला सांगितलं नाही. उशी घेतली.

तर सोमवारी, म्हणजे ते बोलणं कानावर पडण्याच्या आदल्या दिवशी, मी तिच्या खोलीवर शनिवारसाठी गाणी शिकायला गेले होते. ती पलंगावर मांडी घालून गात होती, मोकळ्या गळ्यानं, भिंतीपलीकडच्याची पर्वा न करता. एका गाण्यात सुनेला माहेरी जायचं असतं आणि सासरची माणसं दरवेळी नवं कारण काढतात. मी वहीत लिहून घेत होते आणि ओठातल्या ओठात म्हणत होते.

“भुलाबाई म्हनून राहिली का परीक्षेचं पाठांतर करून राहिली? मोठ्यानं म्हन. भुलोजीले ऐकू नाही आलं त तो उठून जाईन.”

“तुला इतकी गाणी कशी येतात?”

“आमच्या गल्लीत महिनाभर हेच. घरी भुलाबाई नाही बसत आमच्या, पन एक दिवस खाऊ आमच्याकडून जाये. अम्मी असा खाऊ करे का कोनाच्या बापाले ओळखू नाही आला पायजे. बाया म्हनत, आज गादीवाल्याच्या घरचा खाऊ हाय, पोरी हो, घरून जेवून या, लवकर सुटत नाही.” ती स्वतःच हसली. “अन् नियम पक्का. सगळ्यांनी हरलो म्हनाचं, मंगच डबा खोलाचा. तो बी ज्याच्या घरचा त्यानंच.”

निघताना ती म्हणाली, “शनिवारचा खाऊ माझ्याकडे. मी करतो बरोबर.” ती कधी कधी मुलग्यासारखी ‘करतो’ म्हणायची.

आणि मंगळवारी मी ‘हो’ म्हणाले.

त्या आठवड्यात मी एका जागी बसू शकले नाही. ग्रंथालयात टेबल बदलत राहिले. एकदा बसमध्ये माझा थांबा गेला आणि मी पुढच्याही थांब्यावर उतरले नाही. शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हरनं विचारलं तेव्हा उतरले आणि त्याच बसनं परत आले. तिला पाठवायचा निरोप मी फोनवर लिहीत होते आणि पुसत होते. इंग्रजीत लिहीत होते. इंग्रजीत मला खोटं नीट जमतं, वाक्य सभ्य होतं आणि त्यात मी नसते. तरी पाठवता आला नाही. उशी मी कपाटात ठेवली आणि दोन दिवस स्वेटरची घडी डोक्याखाली घेतली.

गुरुवारी ती स्वतःच आली, उरलेलं गाणं शिकवायला. आमच्या स्वयंपाकघरात बसली. ताई घरी नव्हती. सांगलीच्या मुलीनं तिला चहा दिला आणि, मी पाहिलं, तिच्याकडे न बघता कप ठेवून वर निघून गेली.

“शनिवारी किती वाजता जाचं आपल्याले?” तिनं विचारलं. “म्हंजे मी किती वाजता येऊ?”

“अजून ठरलं नाही.”

“बरं.” तिनं चहात बिस्किट बुडवलं. मग सहज, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं म्हणाली, “मी नववीत होती तवाचं. भुलाबाईचे दिवस लागले अन् मले बोलवाले कोनी आलंच नाही. दरवर्षी पोरी दारातून हाका मारत. काही झालं नोतं हं. भांडन नाही, काही नाही. बस, कोनी आलं नाही. मी खिडकीत बसून गानी ऐकली. अम्मीनं खाऊ करून ठेवला होता, तो आमीच खाल्ला.”

“मग तू विचारलं नाहीस?”

“काय विचारू? मले काऊन बोलावलं नाही, असं?” तिनं माझ्याकडे पाहिलं. “असं विचारता येते का कोनाले?”

मला तेव्हा बोलता आलं असतं. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. मी उठून खिडकी लावली. ती लावलेलीच होती.

शनिवारी दुपारी बाराला मी तिच्या खोलीवर गेले. निरोप लिहून जमला नव्हता, म्हणून तोंडानं सांगायचं ठरवलं होतं. तिनं नुकतंच न्हाऊन केस मोकळे सोडले होते. खुर्चीच्या पाठीवर इस्त्री केलेला हिरवा कुर्ता होता. खोलीत तळणाचा वास भरून राहिला होता.

“ऐक ना,” मी म्हणाले, “घर लहान आहे. ताईच्या ओळखीच्याच मुली येतायत जास्त. जागा पुरणार नाही असं वाटतंय.”

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. डबा हलवल्यावर मी जशी ऐकते ना, तशी.

“अच्छा,” ती म्हणाली. तिनं कुर्ता उचलला आणि कपाटात टांगला. मग टेबलावरचा बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा घेतला. झाकणाला चारी बाजूंनी टेप लावलेली होती. “मंग हा तू घेऊन जाय. खाऊ केला हाय, त तो तरी जाऊ दे.”

“काय आहे यात?”

“वा व! सांगतलं त मजा काय? तूच त म्हनते, तुले सगळं ऐकू येते.”

मी डबा छातीशी धरून चालत आले. पंधरा मिनिटांच्या वाटेत तो प्रत्येक पावलाला खुळखुळत होता.

घरी भोंडला मांडला होता. सामान आलेल्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर ताईनं खडूनं हत्ती काढला होता, सोंड थोडी आखूड. सोफा भिंतीला लावला होता. मुली साड्या नेसून आल्या होत्या आणि साड्यांखाली जाड मोजे होते. पुण्याची गाणी झाली, सगळ्यांना येणारी. मग ताई म्हणाली, “आता विदर्भ!” आणि फेर थांबून सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या.

मी हत्तीकडे बघून गायले. आवाज बारीक निघाला, पण निघाला. दुसऱ्या ओळीपासून सगळ्या मागे म्हणू लागल्या. कुठे थांबायचं, कुठे ओढायचं, सगळं अकोल्याच्या मुलीचं होतं. एके ठिकाणी ती टाळी चुकवते, ती मीही चुकवली. ताई फोनवर टिपून घेत होती.

“किती गोड गं! कुठून शिकलीस?”

“घरी,” मी म्हणाले.

त्यानंतर खिरापत. ताईचं खोबरं-साखर लगेच ओळखलं गेलं. सांगलीच्या मुलीच्या शेंगदाण्याच्या लाडवांना दोन मिनिटं लागली. मग माझ्यासमोरचा पत्र्याचा डबा.

सांगलीच्या मुलीनं तो उचलून हलवला. “फुटाणे! हे तर बहिऱ्यालाही कळेल. बरोबर?”

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. बरोबर की चूक, ते मला सांगायचं होतं, आणि मला माहीत नव्हतं.

“दे इकडे,” मी म्हणाले. डबा कानाशी घेतला. हळूच कलता केला. वर फुटाणेच वाजत होते, त्यात शंका नव्हती. पण वजन फुटाण्यांचं नव्हतं. खाली काहीतरी होतं, जे वाजत नव्हतं. डबा कलला की ते मागाहून सावकाश सरकायचं.

“दोन गोष्टी आहेत,” मी म्हणाले. “वरचे फुटाणे. खालचं ओळखायचंय.”

“तूच आणलास आणि तूच कान लावून ऐकतेस? नाटकी!”

मुली हसल्या, आणि मग हट्टाला पेटल्या. वड्या, चिक्की, करंज्या, भाकरवडी, कुणी म्हणालं केक. डबा हातोहात फिरला. कुणी वास घेतला, कुणी तळाशी बोट वाजवून पाहिलं. मी प्रत्येक नावाला मान हलवत होते, नाही, नाही, जणू मला माहीतच आहे. पंधरा मिनिटांनी सगळ्या थकल्या.

“हरलो बाई!” ताईनं डबा माझ्या मांडीवर ठेवला. “काढ आता टेप. जिचा खाऊ तिनंच उघडायचा.”

मी टेपच्या टोकाशी नख नेलं. टोक सुटलंही. मग नख तिथेच राहिलं.

“माझा नाही हा,” मी म्हणाले.

“म्हणजे?”

“मी केलेला नाही. आत काय आहे ते मला माहीत नाही.”

सांगलीच्या मुलीचं हसू आधी गेलं. तिनं ताईकडे पाहिलं. ताईला कळायला क्षणभर लागला, मग तिचा चेहरा लाल झाला. तरी ती हळू, समजुतीच्या आवाजात म्हणाली, “अगं, असू दे ना. उघड. डबा संध्याकाळी आपण नेऊन देऊ तिला, लाडू पण देऊ बरोबर.”

वाट सोपी होती. लाडूही चांगले झाले होते. मी डबा मांडीवर घेऊन बसले होते आणि आतलं ते न वाजणारं सरकून माझ्या बाजूला आलेलं मला पत्र्यातून जाणवत होतं. गल्लीतली खिडकी मी पाहिलेली नाही, अकोल्याच्या जुन्या शहरात तोवर मी कधी गेलेही नव्हते. पण आठ-दहा मुली गात होत्या आणि एक खिडकीत होती, एवढं मला दिसत होतं. आणि तिच्या घरचीच गाणी मी इथे म्हणून बसले होते.

मी फोन काढला. कुणाच्याही समोर मी फोनवर बोलत नाही. आईचा फोन आला तरी जिन्यात जाते, कारण आईशी मी जशी बोलते तशी या घरात कुणी मला ऐकलेलं नव्हतं. त्या दिवशी उठले नाही. हत्तीच्या शेजारी, सगळ्यांच्या मध्ये बसून लावला.

डब्यात फुटाण्यांखाली गुळाचे तळलेले गुलगुले होते, अजून कोमट, जुन्या ओढणीच्या तुकड्यात घट्ट गुंडाळलेले, म्हणून वाजत नव्हते. हे आम्हाला अर्ध्या तासानं कळलं, हिरवा कुर्ता घातलेल्या मुलीनं स्वतः टेप काढली तेव्हा. पहिला गुलगुला ताईनं उचलला, आणि बराच वेळ तो हातातच धरून बसली. ते सगळं नंतरचं. फोन लावला तेव्हा यातलं काहीच मला माहीत नव्हतं. ती येईल हेही नाही.

तिसऱ्या घंटीला तिनं उचलला.

“काय व,” ती म्हणाली, “हरल्या का?”

मी मांडीवरचा डबा सरळ केला.

“हरलो,” मी म्हणाले. “अन् जागा हाय इथं, बहुत जागा हाय. मी खोटं बोलली तुयाशी. तुले बोलवाचं नाही असं ठरून राहिलं होतं, अन् मी हो म्हनली. आता मी बोलावून राहिली. ये, तुयाबिगर डबा कोन खोलन?”